पिवळा दिवा

"हिच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे," डॉ. सुहृद राजाध्यक्ष कॅमेऱ्याकडे बघत म्हणाले आणि त्यांनी हेमांगीच्या खांद्यावर हात ठेवला. "ही माझी हेमांगी. चौदा महिने अंतराळात एकटी राहिली आणि हसत परत आली. आता मी आत जाणार, आणि दोरी हिच्या हातात!"

शेडमधले सगळे हसले. हेमांगीही हसली. परत आल्यापासून दोन वर्षं ती हे हसू वापरत होती आणि आता ते चेहऱ्यावर चढवायला तिला काही कष्ट पडत नसत.

तळेगावच्या एमआयडीसीत, एका बंद पडलेल्या बिस्किट कारखान्याच्या शेडमध्ये, एका विज्ञानमालिकेचं शूटिंग चाललं होतं. भागाचं नाव होतं 'एकटा'. अंतराळातला एकटेपणा माणसाला नक्की काय करतो, हे दाखवायचं. दिग्दर्शिका जुई पारखे हिला नट नको होता. तिला खरा माणूस हवा होता, खऱ्या कुपीत नऊ दिवस बसवलेला. या विषयात देशातलं सर्वांत मोठं नाव म्हणजे डॉ. राजाध्यक्ष, सप्तर्षी कंपनीच्या लघुग्रह मोहिमेचे मानसतज्ज्ञ. त्यांनी स्वतःच आत बसायची तयारी दाखवली, तेव्हा जुईला आभाळ ठेंगणं झालं. तांत्रिक सल्लागार म्हणून हेमांगी कुदळेला घ्या, हेही त्यांनीच सुचवलं. पडद्यावर ते शोभून दिसणार होतं. वाचलेली आणि वाचवणारा.

कुपी मोहिमेच्या सरावाची होती, कंपनीने मोडीत काढलेली. आत एक खाट, एक टेबल, खिडकीच्या जागी ताऱ्यांचा पडदा. दार जाड, पण त्याला बाहेरून कडी नाही. आतली लाल मूठ फिरवली की ते उघडायचं.

"माणसाला कोंडून शूटिंग केलं तर मी आत जाईन, आणि माझ्या दाराला बाहेरून कडी असेल," जुई म्हणाली होती.

आत, टेबलाच्या वर, हरभऱ्याएवढा एक दिवा होता. हेमांगीने तो बसवताना दोनदा तपासला.

*

त्या दिव्याची गोष्ट समजायची तर आधी प्रकाशाची समजायला हवी.

रेडिओचा संदेश प्रकाशाच्या वेगाने जातो. त्याहून जलद काहीच जात नाही. पृथ्वीवर हा वेग इतका प्रचंड वाटतो की आपण तो विसरूनच जातो. पण हेमांगी ज्या लघुग्रहाभोवती फिरत होती तिथे पोहोचायला प्रकाशालाही सहा मिनिटं लागत. तिने "आई, कशी आहेस?" विचारलं, की ते कऱ्हाडात सहा मिनिटांनी ऐकू येई आणि "बरी हाय" हे उत्तर परत यायला आणखी सहा. बारा मिनिटांत माणूस आपण काय विचारलं तेच विसरतो. अशाने गप्पा होत नाहीत, नुसती निवेदनं होतात. खर्च वाचवायला यानात माणूस एकच. बाकी सगळी यंत्रं, आणि ती बिघडली तर दुरुस्त करायला हेमांगी. आधीच्या मोहिमेतला एकटा माणूस पाचव्या महिन्यात भिंतीशी भांडायला लागला होता.

म्हणून 'सोबती' तयार झालं. तुमच्या माणसाचं सहा तासांचं बोलणं त्याला ऐकवायचं. मग तुम्ही बोललात की ते त्या माणसाच्या आवाजात, त्याच्या लकबीत, लगेच उत्तर देई. तो माणूस आत्ता काय म्हणाला असता याचा अंदाज बांधून. त्याच वेळी तुमचं बोलणं पृथ्वीकडेही जाई आणि बारा मिनिटांनी खरं उत्तर येई. दोन्हींत गोंधळ नको म्हणून तो दिवा. पिवळा म्हणजे अंदाज, हिरवा म्हणजे माणूस. पिवळ्या दिव्यातलं बोलणं कुठेही साठवायचं नाही, असा नियम होता; ते स्वतःशी बोलण्यासारखंच खासगी. तोही नियम राजाध्यक्षांचाच, आणि शूटिंगच्या करारात त्यांनी तो आग्रहाने घालून घेतला होता. पिवळा दिवा लागला की माईक बंद.

फक्त एक गोष्ट प्रेक्षकांना कोणी सांगणार नव्हतं. दिव्याचा रंग दिवा ठरवत नाही. कोणीतरी जे सांगतं, ते तो दाखवतो.

हेमांगीच्या आईला, शालनला, ती बारा मिनिटं कधीच झेपली नाहीत. ती उत्तराची वाटच बघत नसे. हिरवा दिवा लागे आणि लागलेलाच राही. "जेवलीस का? काय खाल्लंस? ऐकू आलं का गं? का आवाज अजून वाटंतच हाय? बरं, तवर सांगते, त्या जाधवाच्या म्हशीला रेडकू झालं..." हेमांगीचं उत्तर कऱ्हाडात पोहोचे तेव्हा आई तिसऱ्याच विषयावर गेलेली असे. "आई, एकदा बोलून थांबत जा गं," ती कितीदा म्हणाली.

मोहिमेच्या आठव्या महिन्यात आई थांबायला शिकली. एक प्रश्न, एक उत्तर. मध्ये बारा मिनिटं शांतता, मग हिरवा दिवा आणि मुद्द्याचं बोलणं. दिवाळीला आई म्हणाली, "तुझ्या डब्यातली करंजी फोडून बघ, सारण वलं हाय का सांग." हेमांगीने ती कॅमेऱ्यासमोर खाल्ली. तुकडे हवेत तरंगले, ते तिने तोंडाने टिपले आणि खदखदा हसली. "आता कशी शहाण्यासारखी थांबतेस," ती आईला म्हणाली.

आईला जाऊन तेव्हा नऊ दिवस झाले होते. मेंदूत रक्तस्राव; दारातल्या पायरीवर बसली ती उठलीच नाही. घरात सुतक होतं आणि लेक सहा प्रकाश-मिनिटांवर करंजी खात होती. जमिनीवरचं यंत्र आईच्या आवाजात उत्तर तयार करत होतं, आणि लेकीला संशय येऊ नये म्हणून ते बारा मिनिटं राखून ठेवून मग पाठवत होतं. दिवा हिरवा ठेवायचा, ही डॉ. राजाध्यक्षांची सूचना.

हे तिला परतल्यावर कळलं, विलगीकरणाच्या खोलीत, काचेपलीकडून. "तुझ्या भल्यासाठीच," ते म्हणाले. "तुझे आलेख बघ. शेवटच्या सहा महिन्यांत तू सर्वांत शांत होतीस."

चौकशी झाली. राजाध्यक्षांनी सांगितलं, की हेमांगीनेच एकदा पिवळ्या दिव्यात बोलून ठेवलं होतं: घरी काही वाईट झालं तर मला कळवू नका. पिवळ्या दिव्यातलं बोलणं साठवत नाहीत, त्यामुळे पुरावा नाही. पण एक साक्षीदार होता. कुटुंब-संपर्क अधिकारी मालविका राजाध्यक्ष, म्हणजे त्यांची बायको. त्या शपथेवर म्हणाल्या, की मीही ते ऐकलं. मालविका खोटं बोलत नाहीत हे सगळ्या कंपनीला माहीत होतं. त्यांच्या सरळपणावर चौकशी संपली.

आणि त्यांनीच तेव्हा कऱ्हाडला, दिनकरमामाला, फोन करून सांगितलं होतं: तिला कळवू नका, तिचीच तशी इच्छा आहे.

हेमांगी घरी गेली तेव्हा मामा दुकानातून उठला नाही. "तूच नको म्हनलीस म्हनं," एवढंच बोलला आणि पाठ फिरवून कामाला लागला. त्यानंतर त्याने तिचा फोन घेतला नाही. गल्लीत बायका तिच्याकडे बघून गप्प होत. आईच्या मरणाची बातमी नको म्हणणारी पोरगी. कंपनी, राजाध्यक्ष, त्या आलेखांवरचे त्यांचे गाजलेले शोधनिबंध हे सगळं तिने एक वेळ गिळलं असतं. ही पाठ तिच्या घशाखाली उतरेना.

*

शूटिंगच्या आठवडाभर आधी ती मालविकाबाईंना भेटायला गेली.

"मॅडम, एक गंमत करायची आहे. सरांना सांगायचं नाही."

"गंमत? तू?" मालविका म्हणाल्या. चौकशीनंतर त्या हेमांगीशी फार जपून बोलत, आजारी माणसाशी बोलावं तसं.

"सरांच्या सोबतीला तुमचा आवाज दिलाय. पण मला वाटतं, यंत्राच्या जागी तुम्हीच बोलावं. बाहेर, शेडमध्ये बसून. आत दिवा पिवळा लागेल आणि उत्तर लगेच मिळेल, म्हणजे त्यांना वाटेल यंत्रच आहे. बघू या, बायको ओळखता येते का."

मालविका खुदकन हसल्या. "तेवीस वर्षं झाली लग्नाला. पहिल्या वाक्यात ओळखेल."

"मग पहिल्याच वाक्यात गंमत संपेल. सोडून देऊ."

"आणि ते बोलणं?"

"रेकॉर्ड होणार नाही. सरांचाच नियम. फक्त तुम्ही ऐकाल. जोडणी सांभाळायला मी."

मालविका थोडा वेळ टेबलावरचा पुसलेलाच डाग पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "पैज. ओळखलं नाही तर तुला जेवण."

हेमांगीला पैज जिंकायची खात्री होती. तिच्याजवळ शास्त्र होतं. सोबती कधीही मध्ये बोलत नाही, कधी आवाज चढवत नाही, समोरच्याचं संपेपर्यंत थांबतं. खरी माणसं असं वागत नाहीत, आणि म्हणूनच ती ओळखू येतात. तिची आई तशी ओळखू यायला हवी होती. पण मोहिमेच्या काळात तिने राजाध्यक्ष नवराबायकोला शेकडो बैठकांत पाहिलं होतं, आणि तेवढ्या बैठकांत मालविकाबाईंनी नवऱ्याचं वाक्य एकदाही तोडलेलं तिला आठवत नव्हतं.

*

पहिल्या दिवशी राजाध्यक्ष कॅमेऱ्यासाठी छान बोलले. संध्याकाळी त्यांनी सोबती चालू केलं. दिवा पिवळा झाला, जुईच्या माणसाने करारानुसार माईक बंद केला, आणि शेडच्या कोपऱ्यात, पत्र्याच्या आडोशामागे मालविका कानाला हेडफोन लावून सरसावून बसल्या.

"काय मालू, कसा गेला दिवस?"

"बरा गेला. तुझा?"

मालविकाने हेमांगीकडे बघून भुवया उडवल्या. आता बघ.

"माझा उत्तम," आतून आवाज आला. "तुझा आवाज चांगला बसवलाय हेमांगीने. किंचित जास्त गोड आहे, पण चालेल."

मालविकाच्या भुवया खाली आल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुद्दाम लग्नातल्या हरवलेल्या चपलांचा विषय काढला. "अरे वा, हेही शिकवलंय का?" राजाध्यक्ष म्हणाले आणि कौतुकाने हसले. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "मला तुझी आठवण येते." मग ते म्हणाले, "हे वाक्य ठरावीक आहे. सोबती दर दोन-तीन दिवसांनी टाकतं. मीच घातलंय ते."

मालविकाने हेडफोन काढून मांडीवर ठेवला. जुईच्या स्पॉटदादाने आणलेला चहा तसाच निवत गेला.

"पैज हरले," त्या म्हणाल्या. "उद्या मी नाही आले तर चालेल ना?"

"तुमची मर्जी, मॅडम. उद्यापासून यंत्र लावते. सरांना काही फरक पडणार नाही."

हे शेवटचं वाक्य हेमांगीने जपून ठेवलं होतं. ते जिथे लागायला हवं होतं तिथे लागलं. मालविका दुसऱ्या दिवशी वेळेआधी येऊन बसल्या.

*

राजाध्यक्षांचाच एक सिद्धांत होता. एकटेपणाच्या पाचव्या दिवसाच्या आसपास माणसाच्या मनाचं झाकण सैल होतं. ज्या गोष्टी तो कोणालाच सांगत नाही, त्या पिवळ्या दिव्याला सांगायला लागतो. मांजराला सांगावं, झाडाला सांगावं, तसं. त्यांनी हे चाळीस जणांवर सिद्ध केलं होतं. आपण एक्केचाळिसावे असू शकतो हे त्यांच्या मनात आलं नसावं.

पाचव्या दिवशी दुपारी ते पाकिटातला उपमा गरम करून टेबलाशी बसले. दाढी वाढली होती. पडद्यावर जुईला चित्र दिसत होतं, आवाज नव्हता. "काय भारी दिसतायत सर," ती म्हणाली. "खरंच तुटल्यासारखे."

हेमांगीने दुसरा हेडफोन कानाला लावला.

"तू यंत्र आहेस तेच बरं आहे," राजाध्यक्ष म्हणत होते. "खऱ्या मालूशी असं बोलता येत नाही."

"असं म्हणजे कसं?" मालविकाने विचारलं.

"मोकळं. तिला सगळं चांगलंच ऐकायचं असतं. आता हेमांगीचंच घे. इतकी चांगली मुलगी. रोज बाहेरून माझी काळजी घेतेय. आणि मी बघ."

"तू काय?"

चमचा पाकिटावर घासल्याचा आवाज आला.

"ती कधी काही म्हणालीच नव्हती. घरी काही झालं तर कळवू नका वगैरे. ते वाक्य माझं. तिची आई गेली त्याच आठवड्यात सुचलं." ते खात होते; घास गिळायला मध्ये थांबत. "तेव्हा आलेख इतका सुंदर चालला होता. कळवलं असतं तर सगळं काम मातीत. सहा महिने एका माणसाला कळू न देता यंत्रावर ठेवायचं, असा प्रयोग कोणी करू देतं का? आयता हातात आला. मी फक्त दिवा बदलला नाही."

हेमांगीने डोळे मिटले. दोन वर्षं ती हे ऐकायची वाट बघत होती. ऐकताना काय होईल याच्या तिने कितीतरी कल्पना केल्या होत्या. प्रत्यक्षात तिला करंजीचे तुकडे आठवले.

"पण मालविकाने ऐकलं होतं," मालविका म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी सपाट होता. यंत्राहून सपाट. "शपथेवर सांगितलं होतं तिने."

राजाध्यक्ष हसले. प्रेमाने हसले, हेच वाईट.

"तिने कसलं ऐकलंय? मी सांगितलं तिला. चार वेळा, चार वेगवेगळ्या जेवणांना. तुला आठवतं का मालू, हेमांगी तेव्हा म्हणाली होती ते? पहिल्यांदा म्हणाली, नाही बाई. चौथ्या वेळी तिला तारीखसुद्धा आठवत होती. खरं सांगू? माझी मालू तुझ्याहून सोपी आहे. तुला शिकवायला सहा तासांचं रेकॉर्डिंग लागलं."

मालविका हलल्या नाहीत. फक्त माईकवर हात ठेवला आणि हेमांगीला विचारलं, "हिरवा कुठून होतो?"

हेमांगीने बटण दाखवलं. ते आपण दाबायचं असं तिने ठरवलं होतं. किती रात्री तिने त्याची तालीम केली होती. पण मालविकाचं बोट आधी पुढे आलं आणि तिने आपला हात मागे घेतला.

टिक.

आत, राजाध्यक्षांच्या कपाळासमोर, दिवा हिरवा झाला.

"सुहृद," मालविका म्हणाल्या, "उपमा निवतोय."

पडद्यावर त्यांचा चमचा हवेत थांबला. ते शास्त्रज्ञ होते. हिशेब करायला त्यांना वेळ लागला नाही. पिवळा आणि लगेच, म्हणजे यंत्र. हिरवा आणि बारा मिनिटांनी, म्हणजे लांबचं माणूस. हिरवा आणि लगेच याचा अर्थ एकच होतो. माणूस आहे आणि भिंतीच्या पलीकडे आहे.

"मालू?"

मालविकाने हेडफोन काढून नीट गुंडाळून ठेवला, पर्स उचलली आणि शेडच्या दाराकडे चालू लागल्या.

"मालू? किती दिवस... हे काय आहे? हेमांगी! काहीतरी बिघाड आहे ना? हेमांगी?"

हेमांगी माईकपाशी वाकली.

"हो सर, बिघाडच आहे," ती म्हणाली. "शोधतोय आम्ही. तुम्ही शांत राहा. तुमच्या भल्यासाठीच चाललंय सगळं."

मग तिने खरं सोबती जोडलं. आत दिवा पिवळा झाला. मालविकाच्या आवाजात, किंचित जास्त गोड, प्रश्न आला: "जेवलास का रे?"

राजाध्यक्षांनी लाल मुठीकडे पाहिलं. उठून तिच्यापर्यंत गेलेही. मुठीवर हात ठेवून उभे राहिले. बाहेर काय आहे ते त्यांना माहीत होतं. बराच वेळ गेला. मग ते परत येऊन टेबलाशी बसले आणि दिव्याकडे बघत काहीतरी बोलले.

"सर रडतायत का?" जुईने पडद्याला नाक लावलं. "अगं, हा शॉट बघ!"

*

मालविका बाहेर, कारखान्याच्या जुन्या वजनकाट्यावर बसल्या होत्या. हेमांगी समोर जाऊन उभी राहिली.

"तू मला यंत्र केलंस," त्या म्हणाल्या.

"मी नाही केलं, मॅडम."

तोंडात मारल्यासारखं त्यांनी वर पाहिलं. उत्तर कठोर होतं आणि हेमांगीला ते मागे घ्यावंसं वाटलं नाही. या बाईने तिच्या मामाला फोन केला होता. फसवली गेली असेल, पण तिच्या सरळपणाने जेवढं नुकसान झालं, तेवढं राजाध्यक्षांच्या लबाडीने एकटीने झालं नसतं.

"काय हवंय तुला? कंपनीला सांगू? चॅनेलवर सांगू?"

"ते तुम्हाला सांगावंच लागेल, आज ना उद्या. मला आधी कऱ्हाड हवंय. फोनवर नाही. तोंडाने, समोर बसून."

मालविकाने पर्समधून गाडीची किल्ली काढली. "बस," त्या म्हणाल्या.

साताऱ्याच्या पुढे मालविका एकदम म्हणाल्या, "चपलांचं सांगितलं तरी ओळखलं नाही त्याने," आणि गिअर बदलला.

*

दिनकरमामाचं मोटार रिवायंडिंगचं दुकान घराच्याच पुढच्या खोलीत होतं. शेतावरचे जळालेले पंप येत; मामा आतली काळी पडलेली तार उपसून काढी आणि नवी, लालसर, वेढ्यावर वेढा गुंडाळी. विजेची पहिली ओळख हेमांगीला याच दुकानात झाली होती. आताही तो गुंडाळत होता. मान वर न करता म्हणाला, "बंद हाय दुकान."

"मी मालविका राजाध्यक्ष," मालविका म्हणाल्या आणि बसायला कोणी सांगितलं नसताना तेलकट बाकावर बसल्या. "अडीच वर्षांपूर्वी मीच तुम्हाला फोन केला होता. तो खोटा होता. ही काही म्हणाली नव्हती. हिला शेवटपर्यंत माहीतच नव्हतं."

मामाचा हात थांबला. वेढा सैल पडला.

मालविकाने सगळं सांगितलं, स्वतःला कुठेही न वाचवता. मामा ऐकत होता, पण बघत हेमांगीकडे होता. शेवटी तो म्हणाला, "कावळा शिवना."

त्याने हातातली तार बाजूला ठेवली.

"धाव्याला. घाटावर तासभर बसलो. पिंडाभवती नुसतं हिंडायचं कावळं, शिवायचं न्हाई. लोकं म्हनली, शालनचा जीव पोरीत आडकलाय. मग मी हात जोडलं. म्हनलं, शालन, पोरीला मी सवता सांगतो गं, माझा शब्द. तवा शिवला." त्याने ओठ घट्ट मिटले. "आन दोन दिसांनी ह्या बाईंनी फोन केला, पोरीला कळवू नका म्हनून. मी म्हनलं, जिला ऐकायचंच न्हाई तिला काय सांगू? शब्द गेला माझा. त्याचा राग तुझ्यावर काढला."

हेमांगी विज्ञान शिकली होती. कावळा भूक लागली की खातो आणि माणसं बुजवतात म्हणून थांबतो, हे तिला कळत होतं. पण दिलेला शब्द हीही एक वस्तू असते. अडीच वर्षं ती कुठेतरी वाटेत अडकून पडली होती.

"मग आता सांगा, मामा," ती म्हणाली.

मामा उठला. हात लुंगीला पुसले, टोपी नीट केली आणि तिच्यासमोर उभा राहून, जणू ती आत्ताच गाडीतून उतरून दारात आली असावी तसा म्हणाला, "हेमा, तुझी आई गेली गं."

तिला वाटलं होतं, आपल्याला हे केव्हाच माहीत आहे. पण तिने लहानपणीसारखा मामाचा सदरा मुठीत धरला. मामाने तिला धरलं. खूप वेळाने मामी आतून आली आणि तिला परसात घेऊन गेली. बातमी उशिरा कळली तरी कळल्यावर आंघोळ करतात. हौदातलं पाणी मामी तांब्याने तिच्या डोक्यावर ओतत राहिली आणि हेमांगी त्या गार पाण्याखाली मोठ्याने रडली, चौदा महिने आणि दोन वर्षं रडायला जागा न मिळालेल्या माणसासारखी.

संध्याकाळी सगळे ओट्यावर बसले असताना फोन वाजला. जुई होती.

"हेमांगी, मालविकामॅडम आहेत का तुझ्याबरोबर? प्रॉब्लेम झालाय. मला वाटतं सरांचं आता पुरे करावं. मी बाहेरून हाका मारल्या, दार वाजवलं, पण ते येतच नाहीत. दुपारपासून मॅडमशी बोलत बसलेत. म्हणजे, यंत्राशी. काय बोलतात कळत नाही, माईक बंद. मध्येच हात जोडतात. मॅडमनी येऊन समजावलं तर येतील."

हेमांगीने फोन मालविकापुढे धरला. त्यांनी ऐकलं होतं. हातातला चहा त्या शेवटपर्यंत प्यायल्या आणि कप पालथा ठेवला.

"बोलू दे," त्या म्हणाल्या. "ती मध्ये बोलत नाही. क्षमाही करेल लगेच. मला नाही जमायचं."

हेमांगीने फोन ठेवला. मनात दया येते का, याची तिने वाट पाहिली. समोर नदीवर अंधार उतरला, पलीकडच्या काठावरचे दिवे लागले, आणि तरी ती आली नाही.

"त्यो डॉक्टर अजून आतच हाय व्हय?" मामाने विचारलं. "कोंडलंस का काय त्याला?"

"नाही मामा," हेमांगी म्हणाली. "दार आतून उघडतं."